श्री संत गाडगे महाराज : चरित्र आणि तीर्थस्वच्छतेचे कार्य

महाराष्ट्रातील संतांच्या हाती टाळ, चिपळ्या आणि वीणा शोभल्या. विसाव्या शतकात मात्र असा एक संत होऊन गेला की, ज्याच्या हाती खराटा होता आणि ज्याने आपल्या देवपूजेचा आरंभ देवळाबाहेरच्या रस्त्यापासून केला. श्री संत गाडगे महाराज यांचे नाव आज शाळा, महाविद्यालये, विद्यापीठ आणि शासनाच्या अभियानामुळे घरोघरी पोहोचले आहे. परंतु त्यांच्या कार्याचा मोठा भाग तीर्थक्षेत्री आणि यात्रेतच घडला, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. तीर्थयात्रेस निघालेल्या भाविकांना आणि तीर्थक्षेत्रास देणगी देणाऱ्या दात्यांना त्यांचे चरित्र म्हणूनच अधिक जवळचे वाटावे.

जन्म व बालपण

विदर्भातील अमरावती जिल्ह्यात, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव या लहानशा गावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी महाराजांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. घराणे परीट समाजाचे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कुलदेवतेच्या नावाने बोकड कापणे, मद्याचा नैवेद्य दाखविणे आणि तोच प्रसाद म्हणून ग्रहण करणे हे सर्रास चाले. या प्रसादातूनच झिंगराजींना व्यसन जडले आणि डेबूजी अगदी लहान असतानाच त्यांचे निधन झाले. धर्माच्या नावाखाली घरात शिरलेल्या गोष्टीने घरच उद्ध्वस्त केले, हा महाराजांच्या आयुष्यातील पहिला धडा होय. पुढे पन्नास वर्षे त्यांनी पशुबळी आणि दारू यांविरुद्ध कीर्तनातून जो प्रहार केला, त्याचे मूळ या घटनेत आहे.

माता सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या. तेथे डेबूजी मामांची गुरे राखू लागले आणि पुढे शेतीत तरबेज झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. गोठा स्वच्छ ठेवणे, गुरे धुणे आणि रात्री गावातील भजनात जाऊन बसणे हा त्यांचा नित्यक्रम होता. १८९२ साली त्यांचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला.

याच काळात मामा चंद्रभान यांच्यावर सावकारी संकट ओढवले. कर्जाची रक्कम भरूनही पावती घेतलेली नव्हती आणि अक्षरओळख नसल्याने कागदावर काय लिहिले आहे हे कोणासच कळत नव्हते. सावकाराची माणसे शेतावर ताबा घेण्यास आली तेव्हा तरुण डेबूजी नांगर सोडून आडवे उभे राहिले. या धक्क्याने मामा फार दिवस जगले नाहीत. निरक्षरतेची किंमत काय असते हे डेबूजींनी पुस्तकात वाचले नव्हते; ते त्यांनी घरातच पाहिले होते.

पहिल्या कन्येच्या बारशाला जातीच्या रिवाजानुसार मांसमद्याचे जेवण अपेक्षित असता डेबूजींनी पंगतीत गोडाधोडाचे शाकाहारी अन्न वाढले. भाऊबंद रागावले. पानावरून उठून जाण्यापर्यंत गोष्ट आली, परंतु यजमान बधले नाहीत. महाराजांच्या चरित्रातील पुढील सर्व बंडखोरी अशीच आहे. तीत आरडाओरडा नाही. आधी स्वतः करून दाखविणे आहे.

गृहत्याग आणि ऋणमोचनचा घाट

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी पहाटे घर सोडले. अंगावर जुने धोतर, हातात काठी आणि अन्नपाण्यासाठी मातीचे एक फुटके गाडगे, एवढाच संसार त्यांनी बरोबर घेतला. पुढील सुमारे बारा वर्षे ते गावोगाव फिरले. कोणाच्या शेतात राबावे, कोणाचे लाकूड फोडावे, रस्त्यातील काटे वेचावेत आणि मोबदल्यात मिळेल ती भाकरी खाऊन पुढे निघावे. नाव विचारले तर सांगत नसत. लोकांनीच मग त्यांच्या हातातील गाडग्यावरून त्यांना गाडगेबुवा म्हटले, तर चिंध्यांच्या गोधडीसारख्या वस्त्रावरून कोठे गोधडेबाबा म्हटले. डोक्यावर खापराचा तुकडा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच असा तो वेष महाराष्ट्राने पुढे कायमचा ओळखला.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी येथे यात्रा भरते. भाविक नदीत स्नान करून आपल्या ऋणातून मुक्त होण्याची भावना बाळगतात. त्या काळी नदीवर जाण्याची वाट चिखलाची आणि निसरडी होती. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेल्या स्त्रिया तेथे घसरून पडत. डेबूजी दरवर्षी यात्रेला येत. कुदळ घेऊन उतारावर पायऱ्या खणत, वाटेवर माती टाकत, काठावरील घाण उचलत. यात्रेकरू पुण्य मिळवून परत जात आणि हा माणूस मागे राहून त्यांनी टाकलेली पत्रावळी गोळा करी. पुढे १९०८ च्या सुमारास लोकांकडून पैसा उभा करून त्यांनी तेथे पक्का घाट बांधून घेतला. त्यांच्या हातून उभे राहिलेले हे पहिले मोठे बांधकाम होय, आणि हे पहिले बांधकाम मंदिर नसून घाट होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नदी आणि यात्रा यांचा संबंध मांजर्लीस येणाऱ्या भाविकांनाही नवा नाही. बदलापूर स्थानकावर उतरून येथे येताना उल्हास नदी दूर राहत नाही. या नदीचे पाणी बदलापूरच्या बंधाऱ्यावर अडवून, शुद्ध करून याच परिसरातील नागरिकांना पिण्यासाठी पुरविले जाते. २६ जुलै २००५ च्या महापुरात याच नदीने बदलापूर परिसरातील घराघरांत पाणी शिरविले होते. गटारे आणि नाले प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबल्याने पाणी कसे साचते याची चर्चा त्या वर्षी मुंबईपासून सर्वत्र झाली आणि २०१८ साली राज्यात प्लास्टिक पिशव्या व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालण्यात आली. तरीही भक्तिभावाने वाहिलेली फुले पिशवीत बांधून पुलावरून नदीत सोडणारे हात थांबलेले नाहीत. फुले आणि पाने खड्ड्यात पुरली तर काही महिन्यांत त्यांचे उत्तम खत होते. पिशवी मात्र पिढ्यान्पिढ्या कुजत नाही. पूर्णेच्या काठी शंभर वर्षांपूर्वी एक मनुष्य वाकून जे उचलत होता, त्यात निदान प्लास्टिक तरी नव्हते.

यात्रा आणि महामारी

महाराजांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या काळच्या यात्रा कशा असत हे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. आषाढी एकादशीस पंढरपुरात लक्षावधी वारकरी लोटत. गावाची वस्ती थोडी, विहिरी मोजक्या, शौचकूप त्याहून मोजके. वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरत, तेथेच स्वयंपाक करीत, तेथेच झोपत आणि नैसर्गिक विधींसाठीही वाळवंटाचा व नदीकाठचाच आश्रय घेत. आषाढ हा पावसाचा महिना. एक जोराची सर आली की वाळवंटातील सर्व मैला नदीत वाहून जाई. त्याच नदीत लोक स्नान करीत, तेच पाणी तीर्थ म्हणून प्राशन करीत आणि तेच तांब्यात भरून गावी नेत.

पटकी, म्हणजे कॉलरा, हा रोग याच मार्गाने पसरतो. रोग्याच्या मलातील जंतू पाण्यात मिसळतात आणि पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे अभ्यास करून हे जंतू ओळखले होते. परंतु खेड्यापाड्यांतील माणसांपर्यंत ते ज्ञान पोहोचले नव्हते. जंतू पोटात गेल्यापासून काही तासांत ते पाच दिवसांत रोग दिसू लागतो. त्यामुळे पंढरपुरात धडधाकट असलेला वारकरी परतीच्या वाटेवर तिसऱ्या मुक्कामी आजारी पडे आणि त्याच्याबरोबर रोग त्याच्या गावी जाई. गावात लागण झाली की मरीआईचा कोप झाला असे समजून तिला बोकड, कोंबडे दिले जाई. विहिरीकडे कोणी पाहत नसे.

तीर्थक्षेत्रांची ही दुर्दशा केवळ महाराष्ट्रात नव्हती. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात गंगेच्या काठची घाण पाहून महात्मा गांधी व्यथित झाले होते आणि १९१६ साली काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात, राजेमहाराजे समोर बसलेले असताना, त्यांनी विश्वनाथ मंदिराकडे जाणाऱ्या गल्ल्यांच्या अस्वच्छतेचा उल्लेख केला होता. आपल्या महाराष्ट्रात सेनापती बापट यांनी पारनेरचे रस्ते आणि शौचकूप स्वतः झाडले. पुढे अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोप्या संडासाचे प्रयोग करून भंगीमुक्तीसाठी आयुष्य वेचले. हे सर्व शिकले-सवरलेले, जग पाहिलेले लोक होते. अक्षरशत्रू गाडगेबाबा मात्र केवळ डोळ्यांनी पाहून आणि हातांनी काम करून त्याच निष्कर्षाला पोहोचले होते, याचे नवल वाटते.

महाराज वारीला जात. परंतु विठ्ठलाच्या दर्शनाच्या रांगेत ते उभे राहिले नाहीत. एकादशीच्या दिवशी भाविक मंदिराकडे जात असता महाराज झाडू घेऊन रस्ते, गल्ल्या आणि वाळवंट झाडत. लोकांनी केलेली घाण उचलताना त्यांना कमीपणा वाटला नाही. त्यांचे पाहून आणखी माणसे झाडू हाती घेत. यात्रेकरूंची सेवा हीच विठ्ठलाची सेवा, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. मूर्तीपुढे हात जोडण्यापेक्षा मूर्तीच्या दारी आलेल्या माणसाची काळजी त्यांना अधिक होती. त्यांना काहींनी नास्तिक म्हटले. तथापि ज्यांनी त्यांचे भजन ऐकले त्यांना तसे वाटणे शक्य नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. मैला उचलणे हे काम त्या काळी एका विशिष्ट समाजावर जन्मतः लादलेले होते आणि ते करणाऱ्यांना यात्रेत, देवळात, विहिरीवर कोठेच स्थान नव्हते. इतरांनी घाण करावी आणि त्यांनी ती साफ करावी, अशी व्यवस्था होती. महाराजांनी हे काम स्वतः हाती घेतले, तेव्हा केवळ रस्ता स्वच्छ झाला नाही. ते काम अमक्याचेच, ही समजूतही मोडली. देशातील कायद्याला तेथवर यायला पुष्कळ काळ लागला. मैला हाताने उचलण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली आणि अधिक कडक असा दुसरा कायदा २०१३ साली झाला. पंढरपूरच्या यात्रेतील मैलासफाईचा प्रश्न तर त्यानंतरही मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. त्यानंतर वारकऱ्यांच्या निवासासाठी नदीपलीकडे भक्तिसागर या नावाने ओळखली जाणारी ६५ एकर जागा विकसित झाली आणि पालखी मार्गावर फिरती शौचालये ठेवण्यास जोर आला. महाराजांनी वाळवंटात झाडू फिरविल्यानंतर शंभर वर्षांच्या आत हे घडले असे म्हणावे, की शंभर वर्षे लागली असे म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

धर्मशाळा

झाडून झाडून यात्रा स्वच्छ होत नाही, हे महाराजांना फार लवकर कळले असले पाहिजे. ज्याला राहायला छप्पर नाही, स्वयंपाकाला जागा नाही आणि पाण्याची सोय नाही, तो उघड्यावर घाण करणारच. त्याला दोष देऊन उपयोग नाही. म्हणून महाराजांनी धर्मशाळा बांधण्याचे काम हाती घेतले.

पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा ही त्यांपैकी अग्रगण्य. १९१७ च्या सुमारास या कार्यास आरंभ झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना पंढरपुरात कोणी ओसरीवरही उभे करीत नसे. ज्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्यांच्याच समाजाच्या वारकऱ्याला रात्र पावसात काढावी लागे. त्यांच्यासाठी हक्काचा निवारा झाला. पुढे पंढरपुरातच मराठा धर्मशाळा उभी राहिली. तसेच नाशिक, देहू, आळंदी येथे विस्तीर्ण धर्मशाळा झाल्या. काहींना असे वाटते की, जातिभेद न मानणाऱ्या महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या नावाने धर्मशाळा का बांधाव्यात? याचे उत्तर त्या काळच्या परिस्थितीत शोधावे लागते. सर्वांना एका छपराखाली घेण्यास लोक तयार नव्हते आणि पावसात भिजणारा वारकरी लोकांचे मन बदलेपर्यंत थांबू शकत नव्हता. महाराज स्वतः मात्र कोणत्याही घरची भाकरी खात आणि कीर्तनात जातिभेदावर कठोर टीका करीत.

धर्मशाळेत उतरणाऱ्यास भांडी, पाणी आणि निवारा मिळे. आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नाची सोय असे. रुग्णांच्या नातेवाइकांची मुंबईत होणारी परवड पाहून महाराजांनी जे. जे. रुग्णालयाच्या परिसरातही धर्मशाळेची व्यवस्था केली. खेड्यातून रोगी घेऊन आलेला गरीब मनुष्य रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर चूल मांडतो, हे दृश्य त्यांना यात्रेतल्या वाळवंटासारखेच दिसले असावे.

दात्यांच्या दृष्टीने महाराजांची पैशाची पद्धत विशेष अभ्यासण्याजोगी आहे. मोठमोठे धनिक त्यांच्या शब्दाखातर रक्कम देत. परंतु महाराज पैसा स्वतःजवळ ठेवीत नसत. देणारा आणि काम यांची गाठ घालून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचे, अशी त्यांची रीत होती. धर्मशाळांची व्यवस्था विश्वस्त मंडळांकडे सोपविताना आपल्या कुटुंबीयांना किंवा नातेवाइकांना तेथे कोणताही अधिकार असू नये, अशी तजवीज त्यांनी केली. पत्नी कुंताबाई यांनी साध्या झोपडीत दिवस काढले. लाखो रुपयांच्या वास्तू उभ्या करणाऱ्या पुरुषाच्या घरी सुबत्ता कधी आली नाही. महाराजांच्या वैराग्याचे कौतुक करताना कुंताबाईंच्या वाट्याला आलेले कष्ट विसरून चालणार नाही. त्या वैराग्याची अर्धी किंमत त्यांनी भरली आहे.

१९२३ साली त्यांचा तरुण मुलगा गोविंद याचे निधन झाले. महाराज त्या वेळी कोकणात होते. वार्ता आली तेव्हा कीर्तन चालू होते आणि ते त्यांनी थांबविले नाही, असे चरित्रकार सांगतात.

कीर्तन

महाराज एखाद्या गावी येत ते दिवसा. पाटलाच्या वाड्यात न जाता ते थेट गावाच्या वेशीपासून झाडायला आरंभ करीत. हा कोण वेडा म्हणून मुले जमत, मग मोठी माणसे जमत. काहींना लाज वाटून ती झाडू आणीत. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ झालेले असे, आणि मग त्याच स्वच्छ जागेवर रात्री कीर्तन होई.

त्यांच्या कीर्तनात निरूपणाची नेहमीची चौकट नव्हती. ते श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांच्या तोंडूनच उत्तर वदवून घेत. कर्ज काढून तीर्थयात्रा करू नये, सण साजरा करण्यासाठी सावकाराकडे जाऊ नये, नवसापायी मुके जनावर मारू नये, दारू पिऊ नये, मुलांना शाळेत घालावे, एक वेळ जेवणाचे ताट मोडावे पण शिक्षण सोडू नये, असा उपदेश ते हसवीत-रडवीत करीत. शेवटी गोपाळाच्या नामाचा गजर होई आणि हजारो लोक त्यात रंगून जात. मग पहाटेपूर्वीच महाराज गाव सोडीत. पाया पडू पाहणाऱ्यास ते काठी उगारून दूर ठेवीत. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही आणि आपण कोणाचे गुरू आहोत असे कधी म्हटले नाही.

महाराजांच्या नावाने दहा कलमांचा एक संदेश प्रसिद्ध असून तो अनेक ठिकाणी भिंतीवर लिहिलेला आढळतो. भुकेल्यास अन्न, तहानलेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, गरीब मुलांस शिक्षण, बेघरास आसरा, रोग्यास औषध, बेकारास काम, मुक्या प्राण्यांस अभय, गरीब तरुणांचे विवाह आणि खचलेल्यास धीर, असा त्याचा आशय आहे. या दहा कलमांत स्वच्छता हा शब्द नाही. ज्यांच्या नावाने सर्व महाराष्ट्र स्वच्छता ओळखतो त्यांच्या संदेशात तो नसावा, याचे प्रथम आश्चर्य वाटते. विचार केल्यावर असे दिसते की, महाराजांच्या दृष्टीने झाडणे ही सांगण्याची गोष्टच नव्हती. ती रोज पहाटे करावयाची होती.

शिक्षण आणि समकालीन

निरक्षर राहिल्याचे शल्य महाराजांना जन्मभर होते. म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्याविषयी त्यांना अतिशय आत्मीयता होती. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराड येथे स्थापन केलेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराज यांचेच नाव दिलेले आहे. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हे महाराजांना मानत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याशी त्यांचा स्नेह होता आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्यांच्यासाठी ती बांधली होती त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी तिचा उपयोग व्हावा, हा त्यामागील हेतू होता. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि धर्मशाळा, आश्रमशाळा, वसतिगृहे व गोशाळा यांचा कारभार चालविण्यास एक व्यवस्था निर्माण झाली. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

अखेरचे दिवस

१९५६ साली महाराजांची प्रकृती ढासळली. मधुमेहासारख्या विकाराने शरीर पोखरले असतानाही ते फिरत राहिले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित केले गेल्यामुळे महाराजांचा आवाज आणि त्यांची प्रश्नोत्तरांची शैली आजही ऐकावयास मिळते. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्या वार्तेने महाराजांना फार मोठा धक्का बसला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेले जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाच्या परिसरात मोटारीतच त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावती येथे त्यांची समाधी आहे आणि तो भाग गाडगेनगर या नावाने ओळखला जातो.

१९७७ साली त्यांच्या जीवनावर देवकीनंदन गोपाला हा चित्रपट निघाला. त्यातील डॉ. श्रीराम लागू यांची भूमिका जुन्या पिढीच्या स्मरणात आहे. १९९८ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. अमरावती विद्यापीठास २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले. तथापि या सर्व स्मारकांपेक्षा महाराजांच्या मनाजोगते स्मारक म्हणजे २०००-०१ साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान होय. तत्कालीन ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या अभियानात गावांची स्पर्धा घेण्यात आली. शासनाने पैसा आधी दिला नाही. गावाने श्रमदान करावे, रस्ते, गटारे, पाणवठे स्वच्छ करावेत, शौचालये बांधावीत, आणि मग पारितोषिकासाठी पुढे यावे, अशी रचना होती. स्वच्छता ही अनुदानाने नव्हे तर गावाच्या अभिमानाने होते, हे त्यातून दिसून आले. मात्र पारितोषिकाचे वर्ष सरल्यावर पूर्ववत झालेली गावेही आहेत, आणि बांधलेल्या शौचालयात गवत वा सरपण भरून ठेवल्याची उदाहरणेही आहेत.

महाराजांनी उभारलेल्या व त्यांच्या नावाने पुढे उभ्या राहिलेल्या धर्मशाळा आजही सेवेत आहेत. दादर पूर्व येथील श्री गाडगे महाराज धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अल्प दरात राहतात. बदलापूर स्थानकावरून मध्य रेल्वेच्या लोकलने दादर येथे थेट जाता येते. ज्या भाविकांना अन्नदानासाठी, औषधोपचारासाठी अथवा रुग्णांच्या निवासासाठी काही अर्पण करावयाचे असेल, त्यांनी तेथे प्रत्यक्ष जाऊन कार्य पाहावे आणि धर्मशाळेच्या कार्यालयात रीतसर पावती घेऊनच रक्कम द्यावी. महाराजांची पुण्यतिथी दरवर्षी २० डिसेंबर रोजी अमरावती येथील समाधिस्थानी साजरी केली जाते.